आवाजाची वाटणी

काकांच्या घरी येणाऱ्या माणसाला पाण्याच्या आधी खुर्ची मिळायची. लोखंडी, निळ्या पट्ट्यांची, समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. माणूस टेकला की ते टेपचं बटण दाबत आणि म्हणत, "नीट ऐका आन् सांगा, आवाज कुठून यायलाय? वरून का खालून?" बहुतेकांना प्रश्नच कळत नसे. वीजबिलवाला बिल हातात धरून नुसता बघत राहायचा. दूधवाला मात्र एकदा म्हणाला, "काका, आवाज भिंतीतून यायलाय." यावर ते इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी दुधात पाणी असल्याचा विषयच काढला नाही.

बेगमपुऱ्यात पाणचक्कीकडून आत वळल्यावर त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं आणि त्याला लागून बाहेरच्या अंगाला एक खोली. त्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. तयार झालेला नग मोजायचा आणि पास की नापास ते ठरवायचं, हे माझं काम. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. शिफ्टच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी वाटतं, ही कुणा दुसऱ्याच्या हक्काची असावी. मग नापास केलेल्या प्रत्येक नगामागं तो घडवणाऱ्याचा चेहरा दिसायचा, यात नवल नाही. संध्याकाळी मी फाटक उघडून आत आलो की ते ओट्यावरून ओरडत, "तुझं तोंड कायम मयतीहून आल्यावानी का रे? आज कोण गेलं?"

"कुणी नाही काका. नग नापास केले."

"नगाला बायकापोरं असत्यात का? ये, बस. ऐक."

आणि मी त्या निळ्या खुर्चीवर बसायचो.

ते दिसायला उंच, वाळलेले, मे महिन्यातही डोक्यावर लोकरीची कानटोपी घालणारे. कान हा त्यांच्या मते माणसाचा एकमेव सरळमार्गी अवयव होता. डोळा फसवतो, जीभ तर जन्मजात लबाड, कान मात्र जे पडेल ते घेतो, म्हणून त्याला जपायला हवं. गुलमंडीत जायचं झालं तर ते मोठ्या रस्त्यानं कधी जात नसत. हॉर्न टाळायला असल्या बोळाबोळांतून जात, की पाऊण तास जास्त लागायचा आणि परतताना पायाला कुणाच्या तरी अंगणातलं शेण लागलेलं असायचं.

दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं ठोकून तिचा आकडा सांगायची त्यांना खोड होती. पितळी घागर, दाराची फळी, सायकलचा मडगार्ड. आवाज म्हणजे हवेचा थरकाप, आणि ती सेकंदाला कितीदा थरथरते तो त्या आवाजाचा आकडा. थोडी थरथरली तर आवाज जाड, पुष्कळ थरथरली तर बारीक. एवढं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आकडे ते उर्दूत सांगत, कारण त्यांची शाळा निजामाच्या वेळची. "घागर? साडेपाच सौ. फळी? डेढ सौ, आन् आतून वाळवी लागलीय." उन्हाळ्यात सगळी गल्ली टरबूज घेताना त्यांना बोलावून न्यायची. ते गाडीवाल्यासमोर उकिडवे बसून एकेक टरबूज ठोकत, कान लावत आणि शेवटी एक निवडत. गाडीवाला वैतागून म्हणायचा, "चच्चा, टरबूज है, दुल्हन नहीं है." निवडलेलं टरबूज दर वेळी लालच निघायचं असं काही नाही. पण पांढरं निघालं तर चूक टरबुजाची असायची. "आवाज बराबर होता, ह्यानंच रंग धरला नाय."

एकदा त्यांनी माझ्याही कपाळावर पेरानं ठोकलं, कान लावला आणि काकूंना ओरडून सांगितलं, "पोकळ नाय. पण भरलेलं बी नाय."

काकू आतून हसल्या. पण आमचं हसून झाल्यावर जरा उशिरानं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

त्यांची सारी नोकरी टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये गेली होती. निवृत्त होऊनही खात्यावरचा त्यांचा राग गेला नव्हता, आणि तो पगाराचा किंवा बढतीचा नव्हता. फोनच्या तारेतून माणसाचा सगळा आवाज पाठवत नाहीत. तीनशेच्या खालचा आणि चौतीसशेच्या वरचा तोडून टाकतात आणि मधला तेवढा सोडतात. हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

"खाली तोडायचं, वर तोडायचं, आन् मधलं धड तारेत ढकलायचं. उभी नोकरी मी हेच केलं बघ," ते म्हणत. "मुंडकं बी नाय, पाय बी नाय. तरी लोक इकडून म्हणायचे, हॅलो, ओळखलं का? आन् तिकडचा म्हणायचा, ओळखलं की! इतकी गरीब जात हाय माणसाची."

आपल्या घरात मात्र माणसाला कुठं सुरी लागू द्यायची नाही, असा त्यांचा पण होता.

घरात त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. एकुलता एक मुलगा मस्कतला नोकरीला. त्याला लिहायचा कंटाळा, आणि फोन परवडत नसे. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती तो कॅसेट पाठवायचा. स्वतःच्या आवाजात दोन्ही बाजू बोलून भरलेली. गल्लीतल्या आणखी दोन घरांत अशा कॅसेटी यायच्या. ज्या दिवशी कॅसेट येई त्या दिवशी काका दाढी करत.

काकूंना कमी ऐकू येत होतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. माणूस बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते कळायचं नाही. आवाजाचा जाड भाग पोचायचा, बारीक भाग गळून जायचा, आणि शब्दाची धार सगळी त्या बारीक भागात असते. हे त्या कधीच कबूल करत नसत. समोरच्याच्या ओठांकडे बघत, मान हलवत, 'व्हय की' म्हणत. पण कॅसेटला ओठ नसतात. छोट्या टेपवर मुलगा बोलायला लागला की काका समोर खुर्चीत, शेजारी मी, आणि काकू नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून, पुढ्यात काहीतरी निवडायला घेऊन. कॅसेट संपली की काका विचारत, "ऐकलं का?"

"ऐकलं की. बरं हाय म्हणला."

दुसऱ्या दिवशी मी नळावर पाणी भरत असलो की त्या हळूच जवळ येत. "दादा, खाण्यापिण्याचं काय म्हणला ओ तो?" मी सांगायचो. "आन् खोली बदलली का?" मी सांगायचो. पोटच्या पोराची खबर त्यांना भाडेकरूकडून घ्यावी लागत होती, आणि ती देताना मला आपण कुणाच्या ताटातलं खातोय असं वाटायचं.

काकांनी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. तेव्हाचं ते, खिशात ठेवायचं, वायर कानापर्यंत नेलेलं. काकूंनी ते एक दिवस पदराआड अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. "त्यातून नुसतं माझंच लुगडं ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. ते खरं होतं. कापड घासलं की त्या मशीनमध्ये खसखस एवढी व्हायची, की बाकी सगळं बुडून जायचं.

मग काकांनी ठरवलं, मशीन कानात घालायचं नाही, भिंतीत घालायचं. तिला पोरगं नीट ऐकू येईल असा स्पीकर आपण स्वतः बनवायचा.

गंमत अशी, की त्या घरात दोघंही एकमेकांना 'ऐकलं का' अशीच हाक मारत. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला ऐकण्याखेरीज काही सुचत नव्हतं.

बैठकीची पुढची भिंत हातभर जाड होती आणि तिच्यात एक खोल कोनाडा होता. तोच त्यांचा डबा. त्याच्या तोंडावर सागाची फळी ठोकून त्यांनी तिला दोन भोकं पाडली. खालच्या भोकात आठ इंची मोठा स्पीकर, एका मोडक्या रेडिओग्राममधून काढलेला. वरच्या भोकात रुपयाएवढा छोटा, दुकानदारांच्या भाषेत ट्वीटर. जाड आवाज मोठ्यानं काढायचा, बारीक छोट्यानं. पण जाड कुठं संपतं आणि बारीक कुठं सुरू होतं? कुठल्या आकड्यावर एकाचं काम थांबवून दुसऱ्याच्या हाती द्यायचं? दुकानदार याला क्रॉसओव्हर म्हणायचे. काका म्हणत, बांध.

वेरूळच्या पुढं त्यांचं मूळ गाव. वडलांच्या माघारी दोघा भावांत शेताची वाटणी झाली आणि बांध कुठं घालायचा यावरून पुष्कळ दिवस अबोला चालला होता. तिथून त्यांनी हे ज्ञान आणलं होतं. "बांध रेघेवानी नसतोय," ते मला समजावत. "ह्या अंगानं हा कोरतोय, त्या अंगानं तो कोरतोय. मधली हातभर जमीन ना ह्याची ना त्याची. तिथं नीट पिकतच नाय. म्हणून शहाण्यानं काळ्या मातीत बांध घालू ने. खडकाळ जागा बघायची."

"मग आवाजात खडक कुठं लागतो?"

"चौतीसशेच्या वर. फोनवर तेवढ्यात बी माणूस ओळखू येतोय, म्हणजे माणूस त्याच्या आत हाय. माणसातून बांध न्यायचा नाय."

आकडा त्यांचा ठरला होता. बदलायचा असला तर एक तारेचं वेटोळं आणि एक कपॅसिटर बदलावा लागे. वेटोळी ते शिलाईच्या मोठ्या रिळावर हातानं गुंडाळत. सामान गुलमंडीमागच्या बोळातल्या एका दुकानातून यायचं. दुकानदार वयस्कर, पान खाणारा, आणि काकांपुढं सगळ्या गिऱ्हाइकांना थांबवून ठेवणारा.

"साहब, मेरी सुनो, ढाई हजार पे काटो," तो म्हणायचा. "सारी दुनिया ढाई हजार पे काटती."

"दुनियेला टेलिफोनवालं कुणी भेटलं नाय."

"हौ, तो तुमकू इंसान से इतनी मुहब्बत है तो एकच स्पीकर लगाओ ना! काटतेच काय कू?"

काका बोळातून घरापर्यंत पुटपुटत आले आणि फाटकाशी थांबून मला म्हणाले, "त्याचं दुकान चालतंय, कारण तो विचार करत नाय."

चाचणीसाठी माणसाचा आवाज हवा होता, आणि तो माझा निवडला गेला. वर्तमानपत्रातला बाजारभाव मी एका कॅसेटवर वाचून दिला. वरच्या बारीक आवाजाचा कस लागावा म्हणून काकांनी त्यातून फक्त स आणि श असलेले जिन्नस काढून दिले. मग कित्येक रविवार त्या भिंतीतून माझा रडका आवाज यायचा: सरकी, साखर, शाळू, शेंगदाणा, सोयाबीन. "तुझा श ताटाबाहेर सांडायलाय," काका म्हणत आणि वेटोळ्याचा एखादा फेरा उलगडत. गल्लीतून जाणारी पोरं मला बघून "सरकी, साखर" म्हणून ओरडत. एक दिवस कारखान्यात मुकादमानं नाव विचारलं, तर माझ्याच तोंडात सरकी आली होती.

शेवटी एका रविवारी ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "झालं." मी बसून ऐकलं. खरोखर झालं होतं. वर-खाली काही उरलं नव्हतं. भिंतीत कुणीतरी बसून साखरेचा भाव सांगत होतं आणि तो सांगणारा मीच आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता. गल्लीतले दहा जण त्या खुर्चीत बसून गेले. सगळे वा वा म्हणाले.

मुलाची नवी कॅसेट आली, तेव्हा काकांनी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ती लावली. आम्ही दोघं खुर्च्यांवर. काकू उंबऱ्याशी, सुपात तुरीची डाळ. पोरगं बोलायला लागलं. पाच जणांची खोली, मालकाचा तिरसटपणा, कुणीतरी मीठ समजून भाजीत साखर घातली त्याची हकिकत. आम्ही पोट धरून हसलो. काकूही हसल्या. आमच्यानंतर.

काका हसता हसता थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, काकूंकडंही नाही. पाणी प्यायला म्हणून उठले. स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याशी त्यांचा पाय थबकला. ते तसेच उभे राहिले, मग हळूहळू खाली बसले, काकूंच्या शेजारी, उंबऱ्यावर. त्या घरात ते कधी तिथं बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. काकूंनीही पाहिलं नसावं, कारण त्या सूप घेऊन एकदम बाजूला सरकल्या.

"ये इकडं," ते मला म्हणाले.

मी गेलो आणि तिसरा बसलो. समोर दोन रिकाम्या खुर्च्या भिंतीचं ऐकत होत्या. आणि आमच्यापर्यंत मुलाचा आवाज येत होता तो वाकळ पांघरून बोलल्यासारखा. आवाज होता, शब्द नव्हते.

"श गेला की रे," काका म्हणाले. "सगळाच गेला."

कारण त्यांना लगेच कळलं. मोठा स्पीकर जाड आवाज चहूकडं पसरतो, पण त्याला बारीक आवाज काढायला लावला की तो टॉर्चसारखा सरळ समोर फेकतो. समोर उजेड, बाजूला अंधार. बारीक आवाज बाजूलाही पसरवतो तो छोटाच. माणसाला सुरी लागू नये म्हणून काकांनी चौतीसशेपर्यंतचं सगळं काम मोठ्यावर टाकलं होतं, आणि त्या मोठ्यानं ते सगळं निळ्या खुर्चीला दिलं होतं. ज्या कानांसाठी हा खटाटोप, ते कान कायम बाजूला, दाराशी बसत होते. हे आमच्या दोघांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. गल्लीतल्या यच्चयावत माणसाला खुर्चीत बसवून झालं होतं. काकूंना सोडून.

आणि त्यातली एक खुर्ची इतके दिवस मी अडवून ठेवली होती. मी घाईघाईनं म्हणालो, "काकू, तुम्ही माझ्या जागी बसा ना. तिथून स्वच्छ ऐकू येतं."

"मला ऐकू यायलंय की," काकू म्हणाल्या.

"बस की तिथं जरा," काका म्हणाले.

"दूध हाय चुलीवर."

"मी बघतो दुधाकडं."

"नको. हितं बरं वाटतंय. पाठीला भीत हाय."

"अगं, दोन पावलांवर खुर्ची हाय. येवढं काय त्यात?" काकांचा आवाज चढला. "मी येवढं मरमर मरतोय तुझ्यासाठी, आन् तुला दोन पावलं चालवंना?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. चढलेला आवाज त्यांना बरोबर ऐकू येत असे.

"लगीन होऊन आले तवापासून कधी म्हणलात का, बस खुर्चीवर? सासऱ्याच्या म्होरं नाय, दिराच्या म्होरं नाय, तुमच्या दोस्तांच्या म्होरं नाय. चहा आणायचा आन् दाराआड व्हायचं. सवय लागली आता हाडाला. आता डबा केला म्हणून खुर्ची व्हय?"

मुलगा भिंतीत बोलतच होता. काकूंनी सूप उचललं आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठायचा धीर होत नव्हता. आजही मला त्या उंबऱ्याची आठवण भलत्याच वेळी येते. माझी आई आता गावी असते, कमी ऐकते. फोनवर ती तिसऱ्यांदा 'काय?' म्हणाली की मी 'काही नाही, नंतर सांगतो' म्हणून मोकळा होतो. गेल्या रविवारीही तेच म्हणालो. बाजूला बसलेल्यासाठी आवाज वळवायचा म्हणजे आपली नीट लागलेली घडी विस्कटायची, आणि ते काम मला अजून जमलेलं नाही.

काकांना किती जड गेलं ते मी पाहिलं. दोन-तीन दिवस ते टेपकडं फिरकले नाहीत. फळी उचकटून तिरकी बसवता येईल का, हे त्यांनी करून पाहिलं. कोनाड्याच्या जाड कडा आड येत होत्या. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही बोळाबोळांतून त्या दुकानात गेलो.

"बडा वाला ट्वीटर दो," काका म्हणाले. "मजबूत. और कपॅसिटर, अठरा सौ के हिसाब से."

दुकानदारानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "अठरा सौ? साहब, वो तो सीधा गले पे छुरी है. आप तो बोलते थे, इंसान कू नहीं काटते."

काका थोडा वेळ काउंटरवरच्या काचेवर बोटाच्या पेरानं ठोकत राहिले. आकडा सांगितला नाही.

"बाजू में बैठा है वो भी इंसानच है," ते म्हणाले.

दुकानदारानं आतून डबा आणला आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना तसंच थांबवून त्यानं चार ट्वीटर एकापाठोपाठ एक लावून ऐकवले.

त्या स्पीकरची पुढं बरीच नालस्ती झाली, आणि ती खोटी नव्हती. मुलगा कायमचा परत आला तेव्हा त्यानं बाहेरून चकचकीत सेट आणला होता. भिंतीतला आवाज त्यानं खुर्चीत बसून ऐकला आणि म्हणाला, "बाबा, हे दोन तुकडे ऐकू येतात. छाती खाली आन् तोंड वर." बरोबरच होतं. अठराशेवर बांध घातल्यावर समोरून माणूस मधोमध दुभंगल्यासारखा वाटायचा. गल्लीतल्या ज्या दहा जणांनी वा वा केलं होतं, त्यांतले निम्मे हळहळले. काका कुणाशी वाद घालत नसत. नुसतं म्हणत, "तुम्ही चुकीच्या जागी बसलात."

मुलगा परत येण्याच्या कितीतरी आधीचा, नवा ट्वीटर बसवल्यानंतरचा पहिला रविवार. सकाळची वेळ. काकू उंबऱ्याशी मेथी निवडत होत्या. काकांनी काही सांगितलं नाही, बोलावलं नाही. साखरेच्या हकिकतीची तीच कॅसेट लावली, आणि स्वतः खुर्चीवर न बसता आतल्या दाराशी जमिनीवर बसले. मीही खुर्ची सोडून खाली बसलो.

मुलगा बोलायला लागला. "आई, बाबा, मी बरा हाय, काळजी करू नका..."

काकूंचा हात मेथीत थांबला.

त्यांनी मान किंचित तिरपी केली. मग म्हणाल्या, "मागं घ्या."

काकांनी टेप मागं घेतली. "आई, बाबा, मी बरा हाय..."

"अजून मागं घ्या."

पुन्हा तेच.

"बरा कशाचा," काकू म्हणाल्या. "नाक चोंदलंय त्याचं. ऐकायलात का तुम्ही? शब्द झाला की नाक वढायलाय. कूलरच्या म्होरं उघडा निजत असणार, दुसरं काय."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. ती कॅसेट आम्ही दोघांनी, कानांना एवढं जपणाऱ्या काकांनी आणि मी, एवढ्यांदा ऐकली होती, की तिच्यातली वाक्यं आम्हाला पाठ होती. पोराला सर्दी झालीय हे दोघांपैकी कुणाला ऐकू आलं नव्हतं.

पूर्ण बाजू ऐकून झाल्यावर काकूंनी मेथीच्या काड्या गोळा केल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आता त्याला उलटं कसं बोलायचं? ते इकडं द्या."

तोवर उत्तराची कॅसेट काका एकटेच भरत. हवापाणी, भावकी, आणि घरातल्या आवाजांची प्रगती. काकू आतून 'बरं हाय म्हणावं' एवढंच सांगत. काय विचारलंय तेच कळलं नसेल तर माणूस उत्तर कशाचं देणार? काकांनी कोरी कॅसेट घातली, टेप उचलून उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि दोन बटणं एकदम कशी दाबायची ते दाखवलं.

"तोंडापासून इतभर लांब धर. प आन् फ जोरात म्हणू नको, फुस्स होतंय. मी बसतो इथंच, आवाज कमीजास्त झाला तर..."

"तुम्ही भाईर जावा."

"अगं पण लेव्हल..."

"जावा म्हणलं ना. आन् ह्या दादाला बी न्या."

आम्ही चपला घालून बाहेर आलो. दार मागं ओढून घेतलं. आत बटणं खटकन दाबल्याचा आवाज आला. मग काकू खाकरल्या आणि जरा मोठ्यानं, रुसल्यासारखं म्हणाल्या, "हां. मी बोलायलेय. आधी नाक शिंकर."

मला हसू आलं. काकांनी माझा दंड धरला आणि मला ओढत चालायला लागले. फाटक, नळ, शेजारचा ओटा, पिठाची गिरणी.

"काका, कुठं निघालो आपण?"

"कुठं नाय. मायलेकराचं बोलणं हाय ते. आपल्याला ऐकू येऊ ने इतकं लांब जायचं. तुझं ठीक हाय, माझे कान लई बेकार हायत."

गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता होता. रिक्षा, टेम्पो, लग्नसराईचे हॉर्न. इतकी वर्षं जो रस्ता त्यांनी टाळला, त्याच्या ऐन कडेला एका हॉटेलच्या बाकड्यावर ते जाऊन बसले आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली. आम्ही चहा घेतला. ग्लास रिकामे झाले तसा मी उठायला लागलो.

"बस," ते म्हणाले. "अजून एकेक सांग. तिचं लई दिवसांचं साचलंय."